‘मराठीत विचार करणं थांबवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

मुंबईतल्या पालकांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: इंग्रजी क्रियापदांना अप, ऑफ, आउट कधी लागतात याला नियमच नाही, यादी घोका, ऑफिसात असली क्रियापदं वापरू नका, वाक्याच्या शेवटी प्रिपोझिशन (ॲट, फ्रॉम, विथ असा शब्द) आलं की वाक्य चुकलं, आणि आपली मुलं इथे अडकतात, कारण ती मराठीत विचार करतात.

शेवटचा मुद्दा आधी घेते, कारण संताप त्याचाच येतो. ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ लागत नाही, तरी मुलं ‘डिस्कस अबाउट’ म्हणतात; पण त्याचं खापर मराठीवर फोडू नका. नायजेरियात, सिंगापुरातही लोक तसं म्हणतात. ‘टॉक अबाउट’ आणि ‘डिस्कशन अबाउट’ बरोबर, म्हणून जीभ तिकडे वळते. ‘मॅरीड टू’ऐवजी येणारं ‘मॅरीड विथ’ मात्र आपल्या ‘तिच्याशी लग्न’मधून येतं, तिथे जपायला हवं. पण मराठीचा फायदा केवढा आहे बघा. ‘भात खाऊन टाक’, ‘ती पिशवी फेकून दे’, ‘नंबर लिहून घे’ हे आपण दिवसभर बोलतो. यात टाकणं, देणं, घेणं यांचा मूळ अर्थ उरलाय कुठे? काम पुरतं झालं, वस्तू दूर गेली, नोंद आपल्याकडे राहिली, एवढंच ते सांगतात. ईट अप, थ्रो अवे, राइट डाउन यांतले अप, अवे, डाउन जवळपास हेच करतात. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांतला फरक ज्या पोराला बालवाडीतच कळतो, त्याला ‘ईट अप’साठी यादी कशाला?

आता नियम. ‘स्विच ऑफ द फॅन’ चालतं, ‘स्विच द फॅन ऑफ’ही चालतं. पण फॅनच्या जागी ‘इट’ आलं की ‘स्विच इट ऑफ’च, ‘स्विच ऑफ इट’ नाही. ‘लुक आफ्टर’मधलं आफ्टर असं सुटत नाही, तिथे ‘लुक आफ्टर हिम’च. कानालाही कळतं: ‘स्विच इट ऑफ’ म्हणताना जोर ऑफवर येतो, ‘लुक ॲट इट’मध्ये ॲटवर येत नाही. अर्थाचेही गट पडतात. यूज अप, ड्रिंक अप यांत अप म्हणजे पार संपेपर्यंत. कट ऑफ, ब्रेक ऑफ यांत ऑफ म्हणजे तुटून वेगळं होणं. ‘पुट अप विथ’ (सहन करणं) यासारखी काही पाठच करावी लागतात, हे मान्य.

ऑफिसाचं म्हणाल, तर मंत्रालयात फाईल ‘पुट अप’ होते, म्हणजे वरिष्ठांपुढे ठेवली जाते. उच्च न्यायालय खालच्या न्यायालयाचा आदेश ‘सेट असाइड’ करतं, घटनाबाह्य कायदा ‘स्ट्राइक डाउन’ करतं, म्हणजे रद्द करतं. याहून औपचारिक इंग्रजी कुठलं? ‘चिल आउट’ अर्जात लिहू नये, एवढंच.

राहिलं शेवटी येणारं प्रिपोझिशन. १६७२मध्ये इंग्रज कवी जॉन ड्रायडनने आधीच्या पिढीतल्या नाटककार बेन जॉन्सनच्या वाक्यांत हा दोष काढला आणि पुढे शाळांनी तो डोक्यावर घेतला. इंग्रजी वापराचा कोश लिहिणाऱ्या फाउलरने १९२६मध्येच या समजाला अंधश्रद्धा म्हटलं होतं. ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ आणि ‘व्हॉट आर यू लुकिंग ॲट?’ ही निर्दोष वाक्यं आहेत. मुलांच्या वहीत त्यांवर लाल शाईने काट मारू नका.