ग्रंथपालांनो, विसरायची सवय सोडा

माहिती संरक्षणाचे कायदे जरा सैल करावेत, असे प्रस्ताव सध्या राजकारणात जोरात आहेत आणि त्यांवर बोलायला ग्रंथपालही जमू लागले आहेत. तुम्ही ग्रंथपाल असाल आणि तुम्हालाही अशा सभेचं बोलावणं आलं असेल, तर अवश्य जा. पुढच्या रांगेत बसा. फक्त तुमचा तो जुना हट्ट सोबत नेऊ नका. कोण काय वाचतो ते तिसऱ्याला सांगायचं नाही, आणि सांगायची वेळच येऊ नये म्हणून नोंदही ठेवायची नाही, हा तो हट्ट.

रोग जुना आहे. 1895 मध्ये अमेरिकेत नीना ब्राउन नावाच्या ग्रंथपालबाईंनी देवघेवीची एक पद्धत काढली आणि ती देशोदेशी पसरली. पुस्तकाच्या खिशात एक कार्ड, सभासदाकडे पाकिटासारखी छोटी तिकिटं. पुस्तक नेताना कार्ड काढायचं, सभासदाच्या तिकिटात सरकवायचं आणि ट्रेमध्ये परतीच्या तारखेमागे उभं करायचं. पुस्तक परत आलं की कार्ड पुस्तकात, तिकीट सभासदाच्या हातात. झालं! कोणी काय नेलं होतं, याचा मागे चिटोराही नाही. आज ज्या माहितीपायी बड्या कंपन्या जीव टाकतात, ती ही मंडळी रोज काउंटरवर स्वतःच्या हातांनी मोडून टाकत होती आणि वर त्याला शिस्त म्हणत होती. संगणक आल्यावर वाटलं, आता तरी सुधारतील. तर यांनी संगणकालाही विसरायला शिकवलं. पुस्तक जमा झालं की त्या नोंदीतून सभासदाचं नाव पुसायची सोय देवघेवीच्या प्रणालीत करून घेतली. तुमच्याकडे ती चालू असेल, तर सभेला निघण्याआधी बंद करा. अशा ठिकाणी रिकाम्या हाताने जाणं बरं दिसत नाही.

आता प्रस्तावाकडे वळू. युरोपचा माहिती संरक्षण कायदा, म्हणजे जीडीपीआर, 25 मे 2018 पासून लागू आहे. तो कोणा ग्रंथपालानेच लिहिला की काय, अशी शंका येते: लागेल तेवढीच माहिती घ्या, ज्या कामासाठी घेतली त्याच कामाला वापरा, काम झालं की काढून टाका. असल्या कायद्याने उद्योगधंदा कसा वाढायचा? म्हणून 19 नोव्हेंबर 2025 रोजी युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभारी मंडळाने, तो सुटसुटीत करायचा प्रस्ताव मांडला. डिजिटल ऑम्निबस असं त्याचं नाव. कलमं बघून घाबरू नका, तुमच्या सोयीच्या जागा मी दाखवतो.

सगळ्यात सोयीची जागा म्हणजे वैयक्तिक माहितीची व्याख्या. मसुदा म्हणतो की माहिती ज्याच्या हाती आहे त्याच्याकडे तीवरून माणूस ओळखण्याची साधनं नसतील, तर त्याच्यापुरती ती वैयक्तिक नाहीच, मग दुसऱ्या कोणाला ओळखता येईना का. किती सोपं! सभासदाचं नाव खोडा, जागी क्रमांक घाला आणि यादी खुशाल देऊन टाका. एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीने 2006 मध्ये हेच केलं होतं. साडेसहा लाखांच्या आसपास माणसांनी इंटरनेटवर घेतलेले सुमारे दोन कोटी शोध, नावं काढून आणि क्रमांक घालून, संशोधकांच्या भल्यासाठी खुले केले. न्यूयॉर्क टाइम्सचे वार्ताहर एका क्रमांकाखालचे शोध वाचत बसले आणि वाचता वाचता थेट एका बाईंच्या दारात जाऊन पोचले. माणूस काय शोधतो त्यावरून तो कोण हे कळतं, ही गोष्ट देवघेवीच्या टेबलामागे बसणाऱ्याला कोणी शिकवावी लागत नाही. तरी सभेत तोंड उघडू नका. सगळे प्रगतीबद्दल बोलत असताना दारात उभे राहिलेले वार्ताहर कोणाला आठवायचे नसतात.

दुसरी जागा जरा अवघड आहे, तिथे तुम्हाला मेहनत घ्यावी लागेल. माझ्याबद्दल तुमच्याकडे काय काय लिहिलेलं आहे ते दाखवा, असं म्हणायचा हक्क युरोपात प्रत्येकाला आहे. नवा प्रस्ताव म्हणतो, माहितीचं संरक्षण सोडून भलत्याच हेतूने कोणी हा हक्क बजावत असेल, तर तो गैरवापर समजा. नकार द्या, नाहीतर पैसे घ्या. आता हेतू जाणून घ्यायचा म्हणजे विचारणं आलं, आणि इथेच तुमची गाडी अडते. घटस्फोटाच्या कायद्याचं पुस्तक दोन कादंबऱ्यांच्या मध्ये दडवून, कणा आपल्याकडे वळवून टेबलावर ठेवणारी बाई तुमच्यासमोर उभी राहते. तुम्ही तिन्ही पुस्तकांवर सारख्याच जोराने शिक्का मारता, परतीची तारीख सांगता आणि पुढच्या माणसाकडे बघता. आयुष्यभर हेच केलंत. ‘कशाला हवंय?’ हे दोन शब्द काही केल्या तुमच्या तोंडून निघत नाहीत. सराव करा. आरशासमोर उभं राहून, एक भुवई जरा वर चढवून म्हणा. सुरुवातीला लाज वाटेल. पगार त्याचाच असेल तर लाज फार दिवस टिकत नाही.

माहिती चोरीला गेली तर, ही तुमची नेहमीची कुरकुर. त्याचीही तजवीज आहे. आज अशी चोरी झाल्यास 72 तासांत नियामकाला कळवावं लागतं. प्रस्तावात 96 तास मिळतात, तेही धोका मोठा असेल तरच. मोठा की किरकोळ, हे आधी ज्याच्या घरात चोरी झाली तोच ठरवणार. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. चोरांनी 600 जीबीच्या आसपास फायली नेल्या आणि ग्रंथालयाने खंडणी दिली नाही म्हणून त्या डार्क वेबवर टाकल्या. पुस्तकांची तालिका पुन्हा ऑनलाइन दिसायला जानेवारी 2024 उजाडला. एवढं सगळं झाल्यावर या लोकांनी काय करावं? आपलं कुठे काय चुकलं, याचा सविस्तर अहवाल स्वतःच जाहीर केला. इतका प्रांजळपणा तुम्हाला परवडणार नाही. बैल गेल्यावर झोपा करायला वाढीव चोवीस तास मिळताहेत, ते ‘तुमची गोपनीयता आम्हाला सर्वाधिक मोलाची आहे’ या पत्राचं शुद्धलेखन तपासण्यात घालवा. चोरांना ब्राउनबाईंच्या ट्रेमध्ये काय सापडलं असतं, असा आगाऊ प्रश्न मनात येईल. तो तिथेच दाबा.

कोण काय वाचतो ते कळवा, अशा सरकारी पत्राची भीती तर मुळीच बाळगू नका. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या ग्रंथालयात 2003 मध्ये कर्मचारी रोजचे कागद रोज यंत्रात घालून त्यांच्या चिंध्या करत होते. तसला भित्रेपणा नको. त्यापेक्षा कनेक्टिकटचा धडा घ्या. 2005 मध्ये तिथल्या ग्रंथालयांच्या एका संघाला एफबीआयचं पत्र आलं: फेब्रुवारीतल्या एका दिवशी अमुक पंचेचाळीस मिनिटं ग्रंथालयातला संगणक कोण वापरत होतं ते सांगा, आणि हे पत्र आलं हेसुद्धा कोणाला सांगू नका. संघाचे चौघे कोर्टात गेले. तिकडे अमेरिकी काँग्रेसमध्ये, सरकारला अशी माहिती मागायचे अधिकार वाढवून देणाऱ्या पेट्रियट कायद्याच्या मुदतवाढीवर वाद रंगला होता. ग्रंथालयांना या कायद्याने काय होतं, हे स्वानुभवाने सांगू शकणाऱ्या माणसांची तोंडं मात्र बांधलेली. मार्च 2006 मध्ये मुदतवाढ मंजूर झाली आणि मग काही आठवड्यांत तोंडबंदी उठली. चर्चा घ्यावी तर अशी.

एक गोष्ट मात्र सरळ मनाने सांगतो. दोन माणसांवर चालणाऱ्या ग्रंथालयाला पानोपानी तक्ते भरायला लावणं हा निव्वळ छळ आहे आणि तो थांबायलाच हवा. सभेत कोणी हे म्हणालं, तर ते खोटं बोलत नाहीत. पण छोट्याचे तक्ते कमी करायला वैयक्तिक माहितीची व्याख्या हलवावी लागत नाही. तक्ता काढल्याने सुटका होते ती तुमची. व्याख्या हलवल्यावर आनंद कोणाला होतो ते बघा, त्या आनंदी लोकांत तुमच्यासारखा ग्रंथपाल शोधून सापडायचा नाही. असो, सल्ल्याकडे परत येतो.

सभेत एखादे पुढारी म्हणतीलच, ज्याला काही लपवायचं नाही त्याला भीती कसली. टाळ्या वाजवा. 1987 ची आठवण अजिबात काढू नका. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी रॉबर्ट बोर्क यांचं नाव पुढे आलं होतं. वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकाने त्यांच्या घरी भाड्याने गेलेल्या 146 व्हिडिओंची यादी मिळवून छापली. यादीत वावगं काही नव्हतं. पण सगळ्या लोकप्रतिनिधींना एकदम आपापलं व्हिडिओचं दुकान आठवलं असावं, कारण 1988 मध्ये व्हिडिओ भाड्याने नेणाऱ्यांची गोपनीयता राखणारा कायदा मंजूरही झाला. मूळ विधेयकात ग्रंथालयातून पुस्तकं नेणारेही होते. कायदा होईपर्यंत ते गळाले. पुस्तकांच्या यादीची भीती वाटायला आधी पुस्तकं न्यावी लागतात.

निघण्यापूर्वी, हा मसुदा नेमका कोणाकोणाशी बोलून तयार झाला, असं विचारावंसं वाटेल. जरूर विचारा. 1996 मध्ये युरोपीय आयोगाच्या एका बैठकीला ब्रिटिश अधिकाऱ्यांसोबत बिअर उद्योगाचे प्रतिनिधी बसले होते. बव्हेरियन लागर नावाच्या बिअर आयात करणाऱ्या कंपनीने तिचं इतिवृत्त मागितलं, तेव्हा पाच नावं झाकलेला कागद हाती आला. का, तर ती वैयक्तिक माहिती. वाद युरोपीय न्यायालयापर्यंत गेला आणि 2010 मध्ये निकाल आयोगाच्या बाजूने लागला. तेव्हा तुम्हालाही नावांवर काळं फासलेला कागद मिळाला, तर हिरमुसू नका. फाइलला लावून ठेवा. माहिती संरक्षण अजून चांगलं कडक आहे, याचा तुमच्याकडे लेखी पुरावा झाला.