निसर्गापुढे सगळे सारखे, म्हणे

१६ मे २०२५ च्या संध्याकाळी आमच्या इथल्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, "शेवटी निसर्गापुढे सगळे सारखेच." खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. त्या रांगेत एक जोडी माझीही होती. पाच महिने झाले, पण दातात काहीतरी अडकावं आणि जीभ सारखी तिथेच जावी तसं त्या वाक्याचं झालंय. म्हणून लिहून टाकते. पोस्ट लांब आहे, आधीच सांगितलं.

मी सेंट लुईसला राहते. अमेरिकेतलं मिझुरी राज्य, मिसिसिपीचा काठ. अकरा वर्षं झाली. त्या शुक्रवारी दुपारी पावणेतीनच्या सुमारास शहराच्या पश्चिमेला, क्लेटनजवळ, टोर्नेडो जमिनीला टेकला. ईशान्येकडे सरकत त्याने शहराचा उत्तर भाग तिरका चिरला आणि नदी ओलांडून तो पलीकडच्या इलिनॉयमध्ये गेला. सुमारे ३७ किलोमीटर लांबीचा पट्टा, वारा ताशी २४५ किलोमीटरपर्यंत. पाच माणसं गेली. जवळपास पाच हजार इमारतींना फटका बसलाय आणि नुकसान १.६ अब्ज डॉलरच्या वर जाईल, असा अंदाज महापौरांनी पहिल्या काही दिवसांतच सांगितला.

(आपल्याकडे टोर्नेडोलाही बरेचदा 'चक्रीवादळ' म्हणतात. मावशीने फोनवर विचारलं, "मग आधी गाव सोडून का नाही गेलात?" चक्रीवादळ चार दिवस आधी दिसतं, त्याचं बारसं होतं, होड्या ओढून घेतल्या जातात, माणसं हलवली जातात. टोर्नेडोला ना नाव ना गाव. तो वादळी ढगाच्या पोटातून उतरतो, इशारा मिळतो तो मिनिटांच्या हिशेबात, आणि तुमच्या दारावरून तो मिनिटभरात गेलेलाही असतो. वावटळ म्हणावं तर ती बिचारी फारच गरीब. तेव्हा टोर्नेडोच म्हणू या.)

मी त्या वेळी क्लेटनमध्येच ऑफिसात होते. सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले. आम्ही जिन्याने तळघरातल्या पार्किंगमध्ये उतरलो, कुणी कॉफीचा मग घेऊन, कुणी लॅपटॉप उघडा तसाच हातावर तोलत. एकजण तर तिथूनही मीटिंगमध्ये बोलत होता. दिवे दोनदा मिचकावले. वीसेक मिनिटांनी वर आलो तर समोरच्या रस्त्यावर एक झाड आडवं. बस्स. मी ग्रुपवर 'सेफ' लिहिलं. सगळ्यांनीच लिहिलं. हजेरी पूर्ण झाली आणि आमच्यापुरतं वादळ संपलं.

मग फोटो यायला लागले. फॉरेस्ट पार्कमध्ये उन्मळून पडलेले जुने ओक. हे तेच पार्क जिथे १९०४ चं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. पाहुणे आले की आम्ही सगळे त्यांना तिथेच नेतो. प्राणिसंग्रहालयातल्या फुलपाखरांच्या घराचं नुकसान झालं, तर ग्रुपवर फुलपाखरांसाठी केवढी हळहळ. फाउंटन पार्क वस्तीत चर्चचा मनोरा कोसळून एक बाई गेल्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. फाउंटन पार्क कुठे आहे ते नकाशात शोधावं लागलं. माझ्या घरापासून गाडीने अर्धा तासही नाही.

इथे डेलमार नावाचा पूर्व-पश्चिम रस्ता आहे. त्याच्या दक्षिणेला पैसा आणि बहुतांश गोरी वस्ती, उत्तरेला गरिबी आणि जवळपास सगळी कृष्णवर्णीय वस्ती. 'डेलमार डिव्हाइड' असं त्याला रीतसर नावच पडलंय. १९५० मध्ये या शहराची लोकसंख्या साडेआठ लाखांवर होती, २०२० च्या जनगणनेत ती तीन लाख भरली. उत्तरेकडे घरं रिकामी पडत गेली, गल्ल्या दात पडल्यासारख्या झाल्या. मी इथे आले त्या पहिल्याच आठवड्यात एका भल्या माणसाने (मराठीच) सांगितलं होतं, "डेलमारच्या वर जायचं नाही." अकरा वर्षांत मी गेले नव्हते. का, हेही विचारलं नव्हतं. 'तिकडे कशाला जायचं' हे आपल्याकडे ज्या सुरात म्हणतात ना, तो सूर मला पाठ होता.

टोर्नेडो मात्र गेला. पार्क, बंगले, डेलमार, मग उत्तरेकडच्या वस्त्या: फाउंटन पार्क, द व्हिल, फेअरग्राउंड. इथवर म्हणाल तर निसर्ग सगळ्यांशी सारखा वागला, मान्य.

पण त्याच्या आधीच एक गोष्ट झाली होती. शहराचे भोंगे वाजलेच नाहीत. टोर्नेडोचा इशारा आल्यावर भोंगा वाजवायची जबाबदारी होती आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाची, आणि तिथले लोक त्या दुपारी दुसरीकडे एका कार्यशाळेत होते. अग्निशमन दलाला फोन गेला, पण 'वाजवा' असा स्पष्ट आदेश त्यात नव्हता. पुढे तपासलं तर दलाकडचं बटणही चालत नव्हतं. हे सगळं महापौरांनी स्वतः जाहीर केलं. त्यांना पदावर बसून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्या कार्यालयाच्या प्रमुखांना रजेवर पाठवलं गेलं आणि भोंग्याची किल्ली अग्निशमन दलाकडे दिली गेली.

यावर आमच्यातल्या एका हुशार मित्राचं म्हणणं असं, की भोंगा हा मुळात उघड्यावरच्या लोकांसाठी असतो, घरातल्यांसाठी फोन आहेतच. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण फोन आहेतच, हे कोण म्हणतंय? ज्याचा फोन कायम चार्ज असतो तो.

दुसऱ्या शनिवारी मी हातमोजे घेऊन ओफॅलन पार्कजवळच्या मदत केंद्रावर गेले. सरकारी नव्हतं ते, स्थानिक संघटनांच्या पोरापोरींनी उभं केलं होतं. गाड्यांची रांग, पाण्याच्या बाटल्या, डायपर, आणि ताडपत्र्या. निळ्या ताडपत्र्यांचे गठ्ठेच्या गठ्ठे. माझ्याकडे वाटपाचं काम आलं, आणि त्यात आजी भेटल्या. नाव लिहीत नाही. वय ऐंशीच्या पुढे. मला पहिल्या वाक्यापासून 'बेबी' म्हणतात, आणि मी मनातल्या मनात त्यांना आजीच म्हणते. घर द व्हिलमध्ये. त्यांचा फोन त्या दुपारी स्वयंपाकघरात होता आणि त्या वर झोपल्या होत्या.

आता विटांबद्दल. भारतातून प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: अमेरिकेत एवढी वादळं येतात तर हे लोक लाकडाची, पुठ्ठ्याची घरं का बांधतात, आपल्यासारखी विटांची का नाही? भावाने तर सिव्हिल इंजिनिअर असल्यागत पंधरा मिनिटं व्याख्यान दिलं. तर दादा, ऐक. सेंट लुईस हे विटांचंच शहर आहे. १८४९ मध्ये मोठी आग लागली, त्यानंतर लाकडी बांधकामाला मनाई झाली. शहराच्या पोटातच उत्तम चिकणमाती निघाली, तिच्या लालभडक विटा पडल्या. आजींचं घर शंभर वर्षांवरचं, दुमजली, भक्कम दिसणारं. त्याची वरच्या मजल्याची दर्शनी भिंत अख्खी अंगणात उतरली होती. आत पलंग, त्यावर नीट घडी घातलेली चादर, भिंतीवर लग्नाचा फोटो. बाहुलीचं घर उघडून ठेवावं तसं.

कारण असं, की त्या भिंतीत लोखंड नाही. बीम नाही, कॉलम नाही. विटांचे थर, मध्ये चुन्याचा मसाला, आणि मजल्याच्या तुळयांची टोकं भिंतीतल्या खोबणीत नुसती टेकवलेली. हे सगळं एकमेकांच्या वजनावर उभं असतं. वरून दाब आला तर शंभर वर्षं हलणार नाही. पण टोर्नेडोचा वारा छपराला वर उचलतो. छप्पर सुटलं की भिंतीचं वरचं टोक मोकळं पडतं, आणि वाऱ्याच्या ओढीने ती बाहेर कोसळते. आपल्याकडची आरसीसीची चौकट वेगळी, तिच्यात वीट फक्त मधली जागा भरते. आपण दोन्हीला 'पक्कं घर' म्हणतो, तिथे घोटाळा होतो. आणखी गंमत म्हणजे, टोर्नेडोच्या तीव्रतेचा ईएफ-३ हा जो आकडा जाहीर झाला तो वारा मोजून काढत नाहीत. नंतर तज्ज्ञ फिरतात, काय किती पडलं ते बघतात, आणि त्यावरून वाऱ्याचा अंदाज बांधतात. ताशी २४५ हा आकडा वाऱ्याने मागे टाकलेल्या पडझडीतूनच वाचलेला असतो.

मी गेले तेव्हा आजी पायरीवर बसून एकेक वीट मांडीवर घेऊन पत्र्याच्या पट्टीने तिच्यावरचा चुना खरवडत होत्या. चुना निघतो, सिमेंट असतं तर निघालं नसतं. साफ झालेली वीट डाव्या हाताला व्हरांड्यात रचायची. या विटांना बाजारात चांगली मागणी आहे, त्यामुळे उत्तर भागात वीटचोरी हा वादळाच्या कितीतरी आधीपासूनचा धंदा. "रात्री माझी भिंत कुणीतरी गाडीत घालून नेईल, बेबी," त्या म्हणाल्या. हसल्या, पण गंमत करत नव्हत्या.

मदत? केंद्र सरकारने मोठी आपत्ती जाहीर केली ९ जूनला. वादळ १६ मेला. चोवीस दिवस. त्यानंतर 'फेमा'कडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती मदत संस्थेकडे, अर्ज करता येतो. २०२५ च्या नियमाने घरासाठी जास्तीत जास्त ४३,६०० डॉलर, आणि तेही सगळ्यांना मिळतात असं नाही. आजींच्या घराला विमा नव्हता. मला आधी हा निष्काळजीपणा वाटला, खोटं कशाला बोलू. मग डोक्यात प्रकाश पडला. माझ्या घराला विमा आहे तो मी फार शहाणी म्हणून नाही, तर बँकेचं कर्ज आहे आणि बँक विम्याशिवाय कर्ज देत नाही म्हणून. आजींचं घर कर्जमुक्त. त्यांच्या नवऱ्याच्या आईकडून आलेलं. विमा घ्या म्हणून मागे लागणारं कुणी नाही, आणि हप्ता पेन्शनीत बसत नाही.

आणि घर कागदावर अजून त्या सासूबाईंच्याच नावावर.

हे ऐकलं आणि मी क्षणभर मिझुरीतून थेट तलाठ्याच्या ऑफिसात. सातबारावर पणजोबांचं नाव, चुलत्यांच्या सह्या राहिलेल्या, एक वारस मुंबईत तर एक कुठे ते माहीत नाही. जगभर गरिबाचं घर असंच असतं का? वारस नोंद करायला वकील लागतो, वकिलाला पैसे लागतात, आणि घरात राहणाऱ्याला कधी वाटलेलंच नसतं की आपलं घर आपलं आहे हे कुणाला दाखवावं लागेल. फेमाने २०२१ मध्ये मालकी सिद्ध करायचे नियम बरेच सैल केले, हे खरं. स्वतःचं लेखी निवेदनही चालू शकतं. पण ही गोष्ट आजींना सांगायला कुणी आलं नव्हतं. मी फोनवर शोधून सांगितली, आणि आम्ही दोघींनी मिळून अर्ज भरला. चार बैठका लागल्या.

माझ्या ओळखीतल्या एकांचं घर डेलमारच्या दक्षिणेला, त्याच टोर्नेडोच्या वाटेत. छप्पर उडालं. तिसऱ्या दिवशी विम्याचा माणूस, तात्पुरतं भाड्याचं घर विम्याच्या खर्चाने, सप्टेंबरात नवं छप्पर. त्यांच्याबद्दल आकस नाही, चांगली माणसं आहेत. पण तोच वारा, तोच शुक्रवार. दोन घरांत फरक पडला तो कागदाने. निसर्गापुढे सगळे सारखे असतीलही, निसर्ग निघून गेल्यावर कुणी सारखं राहत नाही. ग्रुपवर हे लिहिलं तर एकाने उत्तर दिलं, "राजकारण नको प्लीज."

राजकारण बघायचंच असेल तर पैसा कुठून आला ते बघा. शहराने सुरुवातीला तीन कोटी डॉलर काढले ते अमेरिकन फुटबॉलच्या पैशातून. रॅम्स नावाचा संघ २०१६ मध्ये हे शहर सोडून लॉस एंजेलिसला गेला, त्यावरच्या खटल्यात २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरची तडजोड झाली, त्यातला शहराचा वाटा पडून होता. राज्याने दहा कोटी मंजूर केले ते जूनच्या विशेष अधिवेशनात, जे कॅन्सस सिटीच्या संघांना स्टेडियमसाठी सवलती द्यायलाही भरलं होतं. म्हणजे आजींची भिंत दोन्हीकडून खेळाच्या मैदानात अडकलेली. यावर विनोद करायचा मोह होतोय, पण आवरते.

आणि हे पहिल्यांदा घडलंय असंही नाही. १८९६ मध्ये याच शहरात आणि नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमध्ये मिळून २५० हून जास्त माणसं टोर्नेडोने मेली. १९२७ मध्ये पुन्हा, १९५९ मध्ये पुन्हा. तरी आमच्याकडे अर्ध्या गमतीत सांगतात की नदीकाठची ती उंच कमान वादळं परतवते, मोठ्या शहरात टोर्नेडो येत नसतो. मीही पाहुण्यांना कमान दाखवताना हे सांगितलंय. शहर नकाशावर छोटंसं असतं आणि टोर्नेडोची वाट अरुंद, म्हणून गाठ क्वचित पडते, एवढंच.

या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुट्टी टाकून आजींकडे गेले होते. फेमाचे थोडे पैसे आलेत, भिंतीला पुरतील एवढे नाहीत. उन्हाळाभर उन्हात राहून ताडपत्री विरली होती, थंडीआधी दुसरी लावायची होती. एक स्वयंसेवक मुलगा शिडीवर, मी आणि आजी खाली टोकं धरून.

बरोबर अकरा वाजता भोंगा सुरू झाला. इथे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी चाचणी असते, मला ठाऊक होतं, तरी पोटात गोळा आला. शिडीवरचा मुलगाही थांबला. भोंगा वाजत राहिला, चढत, उतरत, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लख्ख ऐकू येत होता.

आजींनी वरही पाहिलं नाही. "वाजतोय छान," म्हणाल्या. "बेबी, तुझं टोक सैल पडलंय, ओढ जरा."