खुर्चीवर बसण्याआधीचे प्रश्न

नोव्हेंबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प दुसऱ्यांदा निवडून आले. शपथेला अजून दोन महिने होते, तोवरच मोठ्या पदांसाठी एकेक नाव जाहीर होऊ लागलं. इथे न्यू जर्सीत आमच्या ऑफिसात कुणी कपाळाला हात लावत होतं, कुणी गालातल्या गालात हसत होतं. तिकडे सांगली-पुण्याच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲपवर मात्र दिवाळी संपायलाच तयार नव्हती. काश पटेल एफबीआयचे प्रमुख, जय भट्टाचार्य एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेवर, हरमीत धिल्लन न्याय खात्यात, विवेक रामस्वामी सरकारी खर्चाला कात्री लावायला, श्रीराम कृष्णन व्हाइट हाउसमध्ये एआयचे सल्लागार. तुलसी गबार्ड यांनाही त्या यादीत बसवलं होतं. त्यांचा जन्म अमेरिकन सामोआतला, भारताशी रक्ताचं नातं काहीच नाही. पण नाव तुलसी आणि खासदारकीची शपथ गीतेवर घेतलेली, मग बाकीचं कोण विचारतंय? वर उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्हणजे तर आंध्रचे जावई.

"तुमचं राज्य आलं की गं," माझ्या आत्येभावाने लिहिलं. तो सांगलीत वकिली करतो आणि राजकारणावर माझ्याशी भांडायला त्याला फार आवडतं.

आमचं राज्य कसं आलं ते आधी सांगते. डिसेंबरमध्ये कृष्णन यांचं नाव जाहीर झाल्यावर त्यांनी पूर्वी लिहिलेली एक ओळ कुणीतरी शोधून काढली. ग्रीन कार्डावरची देशनिहाय मर्यादा काढावी, असं त्यांचं मत होतं. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांपैकी एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्केच येतात, म्हणून भारतीयांची रांग एवढी लांबली की त्या सुमारास २०१२ च्या आसपास अर्ज केलेल्यांचे नंबर लागत होते. त्या एका ओळीवरून ट्रम्प यांच्या कट्टर समर्थकांनी ऐन नाताळात असा गदारोळ केला की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या प्रत्येकाला आपण चोर आहोत असं वाटावं. रामस्वामींनी मध्ये पडून अमेरिकन संस्कृती गणित ऑलिम्पियाडच्या विजेत्यापेक्षा प्रॉमच्या, म्हणजे शाळेतल्या नाचाच्या समारंभाच्या, राणीचं जास्त कौतुक करते, असं लांबलचक लिहिलं आणि आगीत तेल ओतलं. २० जानेवारीला शपथविधी झाला त्याच दिवशी ते त्या खर्चकपातीच्या कामातून बाहेर पडले होते. पुढे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जावर १ लाख डॉलरची फी लागली. आपली एवढी माणसं आत होती; त्यांच्या असण्याने ती फी थांबली नाही, आणि थांबावी अशी अपेक्षा करणंही चूकच होतं. ती माणसं अमेरिकेच्या सरकारात अमेरिकेच्या अध्यक्षाचं काम करायला गेली होती. आडनाव बघून मतं ठरत असती तर आपल्याकडच्या निम्म्या पक्षांना कामच उरलं नसतं.

त्या यादीतल्या ज्या दोघांवरून नाताळात एवढं रामायण झालं, त्या कृष्णन आणि रामस्वामी यांच्या कामाला सिनेटची, म्हणजे अमेरिकन संसदेच्या वरच्या सभागृहाची, मंजुरी लागतच नव्हती. व्हाइट हाउसचे सल्लागार अध्यक्ष स्वतःच्या मर्जीने नेमतो. पटेल, भट्टाचार्य, धिल्लन यांना मात्र सिनेटपुढे जावं लागलं. मला घरच्यांशी बोलायचं होतं ते याबद्दल, आणि कुणाला त्यात रस नव्हता.

अमेरिकेच्या राज्यघटनेच्या दुसऱ्या कलमानुसार अध्यक्ष नाव सुचवतो आणि सिनेट संमती देते. अशी हजाराहून जास्त पदं आहेत. मंत्रिपदाच्या उमेदवाराला आपल्या संपत्तीचा तपशील द्यावा लागतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मग समितीसमोर, कॅमेऱ्यासमोर तासन् तास बसून उत्तरं द्यावी लागतात. याला इथे हिअरिंग म्हणतात. काश पटेल यांचं हिअरिंग ३० जानेवारी २०२५ ला झालं. सुरुवातीलाच त्यांनी आईवडिलांची ओळख करून दिली आणि "जय श्री कृष्ण" म्हटलं. ती क्लिप मला सांगलीहूनच आली, तीन वेगवेगळ्या ग्रुपांतून. त्यानंतरचे तास मात्र तिकडे पोचले नाहीत. त्यात, आतून काम बिघडवणारी सरकारी माणसं म्हणून त्यांनी पुस्तकात दिलेल्या नावांच्या यादीबद्दल विचारलं गेलं, एफबीआयचं मुख्यालय बंद करून त्याचं संग्रहालय करू या त्यांच्या बोलण्याबद्दल विचारलं गेलं, आणि सूडबुद्धीने कारवाई होणार नाही असं त्यांनी शपथेवर सांगितलं. सप्टेंबर २०२५ मध्ये, आम्हाला राजकीय कारणांनी काढलं असं म्हणत एफबीआयचे तीन माजी वरिष्ठ अधिकारी कोर्टात गेले, तेव्हा पटेल सिनेटमध्ये काय बोलले होते ते पुन्हा निघालं.

आता या हिअरिंगची आरती ओवाळायला मी बसलेली नाही. ज्यांनी तो हिवाळा इथे काढला त्यांनी त्याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९८९ मध्ये जॉन टॉवर यांना संरक्षणमंत्रिपदासाठी सिनेटने ५३ विरुद्ध ४७ मतांनी नाकारलं होतं. ते स्वतः माजी सिनेटर, म्हणजे घरचाच माणूस. पण दारू आणि बायकांबद्दलच्या वर्तनावरून प्रश्न उभे राहिले आणि गडी घरी गेला. तेव्हा सिनेटमध्ये विरोधी पक्षाचं बहुमत होतं, हेही खरं. त्याच खात्यासाठी २०२५ मध्ये पीट हेगसेथ आले. टीव्हीवरचे निवेदक, माजी सैनिक. त्यांच्यावरही दारूचे आणि बायकांशी वागण्याचे आरोप झाले. आरोप त्यांनी फेटाळले, आणि पद मिळालं तर दारूला शिवणार नाही असं सांगितलं. २४ जानेवारीला मतं पडली ५० विरुद्ध ५०. उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांनी येऊन आपलं मत टाकलं तेव्हा हेगसेथ पास झाले. स्वपक्षाच्या तिघांनी विरोधात मत दिलं. चौथं मत निघालं असतं तर खेळ संपला होता. आयोवाच्या सिनेटर जोनी अर्न्स्ट स्वतः लष्करात राहिलेल्या आणि लैंगिक अत्याचारातून गेलेल्या. त्या आधी घुटमळत होत्या. ट्रम्प समर्थकांनी त्यांच्या मतदारसंघात दबाव आणला आणि त्यांनी होकार दिला. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात प्रश्न विचारले जातात, पण तारीख आधीच धरलेली असते, तशातला प्रकार.

यादीतलं एक मोठं नाव त्या हिवाळ्यात वाटेत गळलं, तेही हिअरिंगपर्यंत पोचण्याआधी. मॅट गेट्झ यांना ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, करणार हे १३ नोव्हेंबरला जाहीर झालं. त्यांच्यावरच्या आरोपांची प्रतिनिधिगृहाच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, नैतिकता समितीत चौकशी चालू होती. आठ दिवसांत त्यांनी माघार घेतली, कारण मतं जमत नाहीत हे कळून चुकलं होतं. सगळे जण आपापल्या खोल्यांत कुजबुजले आणि काम झालं. चार लोकांसमोर नकार द्यायची वेळ आली नाही, याबद्दल अनेक सिनेटर मनातून आभारीच असतील.

सगळ्यात बोलकं प्रकरण मला रॉबर्ट केनेडी यांचं वाटतं. आरोग्य खात्यासाठी त्यांचं नाव आलं तेव्हा त्यांची लशींविरुद्धची जुनी मतं सगळ्यांना ठाऊक होती. लुईझियानाचे सिनेटर बिल कॅसिडी हे पेशाने डॉक्टर आणि ट्रम्प यांच्याच पक्षाचे. त्यांना ते पटत नव्हतं हे हिअरिंगमध्ये स्पष्ट दिसलं. शेवटी त्यांनी मत दिलं, पण सभागृहात उभं राहून केनेडींनी आपल्याला काय काय कबूल केलं आहे ते सांगितलं. लसीकरणावर सल्ला देणाऱ्या समितीच्या शिफारशी न बदलता तशाच ठेवणं हा त्यातलाच भाग. १३ फेब्रुवारीला केनेडी ५२ विरुद्ध ४८ मतांनी मंत्री झाले. जूनमध्ये त्यांनी त्या समितीचे सगळेच्या सगळे १७ सदस्य काढून टाकले.

आत्येभाऊ म्हणाला, "मग काय उपयोग झाला तुमच्या हिअरिंगचा?"

बरोबर विचारलं त्याने. थांबवण्याच्या दृष्टीने काहीच नाही. पण कॅसिडींनी काय सांगितलं आणि चार महिन्यांनी काय झालं, हे दोन्ही तारखेसकट कुणालाही दाखवता येतं. माझ्या शेजारची बालरोगतज्ज्ञ मैत्रीण आईबापांशी बोलताना ते दाखवते. महाराष्ट्रात अमुक मंत्र्याने खातं घेताना काय कबूल केलं होतं, असं विचारलं तर मला काय दाखवणार? हार-तुऱ्यांचे फोटो?

योगायोग असा की त्याच दिवसांत महाराष्ट्रातही नवं सरकार येत होतं. निकाल २३ नोव्हेंबरला. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर मुख्यमंत्री आणि दोन उपमुख्यमंत्र्यांचा शपथविधी. मग १५ डिसेंबरला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली आणि दुसऱ्या दिवशी हिवाळी अधिवेशन सुरू झालं. खातेवाटप झालं २१ तारखेला, अधिवेशन संपलं त्या रात्री! म्हणजे आख्खं अधिवेशन हे लोक बिनखात्याचे मंत्री होते. तिकडच्या बातम्यांत त्या काळात काय होतं? कुणाची वर्णी लागली, कुणाचा पत्ता कापला, गुडघ्याला बाशिंग बांधून कोण बसलं होतं, भुजबळ किती नाराज, मलईदार खाती कुणाकडे. मग पालकमंत्री. ट्रम्प यांच्या शपथेच्या दोन दिवस आधी ती यादी आली आणि दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिकच्या नेमणुकांना स्थगिती मिळाली.

मला यात नाराजीनाट्यापेक्षा तो क्रम खटकतो. इथे हेगसेथ कसेही असोत, पहिल्या दिवसापासून ते संरक्षण खात्यासाठी होते, म्हणून या माणसाला संरक्षणातलं काय कळतं हा प्रश्न तरी उभा राहिला. आपल्याकडे माणूस आधी मंत्री होतो आणि कशाचा ते आठवड्याने ठरतं. मग लायकीचा प्रश्न विचारायचा कधी आणि कशाबद्दल? जिल्हा, जात, गट आणि नाराजी एवढंच मोजता येतं, म्हणून तेवढंच मोजलं जातं. वाहिन्यांचा दोष त्यात फार नाही.

यावर वकीलसाहेबांचा युक्तिवाद तयार होता, आणि तो कच्चा नाही. तो म्हणतो, अमेरिकेत मंत्री निवडून आलेला नसतो, सभागृहात बसत नाही, म्हणून दारातच त्याची झडती घ्यावी लागते. आपल्याकडे तो आमदार असतो, नसला तर सहा महिन्यांत व्हावं लागतं. उमेदवारी अर्जाबरोबर गुन्हे आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं. आणि प्रश्नोत्तराच्या तासाला त्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, जे पीट हेगसेथला रोज द्यावं लागत नाही. शिवाय मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही, २८८ ला ४३, हे बंधन आपणच २००३ मध्ये घातलं.

मान्य. प्रतिज्ञापत्र ही खरोखर चांगली सोय आहे. प्रश्नोत्तराचा तास मात्र गोंधळात किती वाहून जातो ते त्यालाही माहीत आहे. आणि इस्लामपूरच्या मतदाराने एखाद्याला आमदार केलं, याचा अर्थ त्याने त्याला राज्याच्या आरोग्य खात्यासाठी पसंत केलं असा होत नाही.

गंमत म्हणजे या सगळ्यात मराठी माणसाचा इथे काय संबंध, तर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत आणि नेमणुकांवर मत फक्त सिनेट देते. म्हणजे तेही आमच्यासारखे टीव्हीपुढेच. मी आमच्या सिनेटरच्या ऑफिसला फोन केला होता. एका मुलीने झिप कोड विचारला, माझं म्हणणं लिहून घेतलं. न्यू जर्सीचे दोन्ही सिनेटर विरोधी पक्षाचे, बहुतेक वादग्रस्त नावांना ते नकारच देणार होते. तरी केला.

आत्येभावाला मी एवढंच सुचवलं आहे की यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. मुख्यमंत्र्यांनी शपथेआधी खातं जाहीर करावं आणि होणाऱ्या आरोग्यमंत्र्याला विधिमंडळाच्या समितीपुढे दोन तास बसवावं, थेट प्रक्षेपणात. मतदान नको, नुसते प्रश्न. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांच्या रिकाम्या जागा कधी भरणार? औषधखरेदीचे अधिकार कुणाकडे? घरातल्या कुणाचं खासगी हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेज आहे का? त्याचं म्हणणं आहे की सत्ताधारी आमदार अभिनंदनाची भाषणं करतील, विरोधक बहिष्कार टाकतील आणि तिसऱ्या प्रश्नाला समितीतले निम्मे लोक खाली बघतील, कारण तो त्यांनाही लागू पडतो. तिसऱ्या प्रश्नापर्यंत पोचलो तरी मला चालेल, असं मी कळवलं. त्यावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. बहुधा कलमं काढत बसला असेल.