पेटीमास्तरांचा नळ

मी मूळचा गोव्याचा. गावच्या चर्चमध्ये गायनवृंद चालवणाऱ्या ‘मेस्तां’नी मला मुळाक्षरांबरोबरच ‘दो-रे-मी’ गिरवायला लावले, आणि एवढ्याच भांडवलावर मी तरुणपणी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आलो. इथल्या चर्चमध्ये ऑर्गन नव्हता, पेटी होती. त्यामुळे माझा मेस्त होण्याऐवजी ‘पेटीमास्तर’ झाला.

पेटीचे आणि माझे लगेच जुळले, कारण तीही परगावची. तिचे पेटंट 1840 मध्ये पॅरिसला नोंदले गेले, पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला मांडी घालून, एका हाताने भाता मारत वाजवता येईल असे रूप दिले, आणि इतकी देशी होऊनही आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत तिला दाराबाहेर उभे केले. मला मात्र इथल्या लोकांनी थेट नगरपालिकेत नेऊन बसवले. (माझे कोकणी वळणाचे मराठी ऐकायला प्रचारसभेत गर्दी होई, तिला मी लोकप्रियता समजलो.)

संविधानाच्या बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांचे 18 विषय दिले आहेत. त्यांत सांस्कृतिक बाबी तेराव्या क्रमांकावर आहेत आणि पाणीपुरवठा पाचव्या. मी तेराव्यासाठी योग्य माणूस होतो, पण लोकांनी मला पाचव्यासाठी निवडले होते. सर्वसाधारण सभेत सगळे एकदम, वेगवेगळ्या पट्टीत बोलतात आणि तरीही विषय एकमताने मंजूर होतो, याचा धक्का मी पचवला. व्हॉल्व्हमनचा मात्र मला अखेरपर्यंत पचला नाही. आमच्या प्रभागाला आठवड्यातून एकदा पाणी सुटे, आणि ते कोणत्या घटकेला सुटणार हे त्याच्याखेरीज कोणालाही, म्हणजे मलाही, ठाऊक नसे. मी चाळीस गळे एका सुरात आणू शकत होतो, पण एक चावी ठरल्या वेळी फिरवून घेणे मला जमले नाही.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे उपासना, चालू होती. अर्पणगीताचे पहिले कडवे संपते न संपते तोच खिडकीतून हाक आली, “ओ मास्तर, नळ आला ना!” दुसऱ्या कडव्याला स्त्रियांची मागची रांग पदर खोचून बाहेर पडली. तिसऱ्याला खालच्या पट्टीतले दोन गृहस्थ गेले. त्यांच्याकडे टिल्लू पंप होते, म्हणजे उरलेल्या गल्लीचे पाणी ओढून घेण्याची सोय होती. माझी पत्नी जाता जाता डोळ्यांनी मलाही बोलावत होती. पण सूर मध्येच तोडायचा नाही, ही मेस्तांची शिकवण. शिवाय नगरसेवकच पाण्यासाठी चर्चमधून पळाला अशी बातमी व्हायला नको होती. चौथे कडवे मी आणि फादर, दोघांनीच म्हटले, आणि फादरांचेही लक्ष मागच्या अंगणातल्या पिंपाकडे होते.

घरी पोहोचलो तेव्हा घागरी पालथ्याच होत्या. शेजारच्या काकूंनी एक हंडा आमच्या ओट्यावर ठेवत विचारले, “मास्तर, तुमच्याच वॉर्डात पाणी कधी येतं हे तुम्हालाच कामून माहीत नसतं हो?”

उत्तर सुचेना म्हणून मी तोटी सोडली. आतून नुसती हवा येत होती. तिचा सूर, सवयीने ताडून पाहिला तर, बरोबर पेटीवरची काळी दोन लागत होता.