पोर्टर राहिलाच की!

वाफेच्या काळातल्या इंग्लंडमधल्या खेड्यातल्या स्टेशनावरचा लेख आवडला. पण सगळा मान स्टेशनमास्तर आणि त्याच्या फुलांच्या ताटव्यांना दिलात, पोर्टर राहिलाच की! तिकडचा पोर्टर म्हणजे नुसता हमाल नव्हे. दुधाचे जड कॅन गाडीत चढवणं, तिकिटं गोळा करणं, सिग्नलच्या खांबावर शिडीने चढून रॉकेलचे दिवे भरणं (मग ऊन असो की बर्फ), सगळं त्याच्याच गळ्यात. वर कबुतरं! शर्यतीची कबुतरं वेताच्या करंड्यांतून रेल्वेने यायची. पोर्टरने करंडी उघडून ती उडवायची, सोडल्याची वेळ लेबलवर लिहायची आणि रिकामी करंडी परत पाठवायची. माझ्या मते खरं स्टेशन तोच चालवायचा.

एक मात्र पटलं नाही. अशी स्टेशनं बंद पडल्याचं सगळं खापर लेखात ब्रिटिश रेल्वेचा प्रमुख बीचिंग याच्या १९६३ च्या अहवालावर फोडलंय. त्याने २,३६३ स्टेशनं बंद करायला सुचवलं हे खरं, पण लॉऱ्या आणि बसेसनी खेड्यातला माल नि उतारू दोन महायुद्धांच्या मधल्या काळातच पळवायला सुरुवात केली होती. कित्येक छोट्या शाखा-मार्गांना अहवालाच्या आधीच टाळं लागलं होतं.