सर्वानुमते मंजूर

गेल्या शनिवारी आमच्या स्टाफ मीटिंगचं प्रोसिडिंग बुक, म्हणजे ठरावांची वही, सहीसाठी फिरलं. मीटिंग चारला होती, बुक साडेतीनलाच आलं. ठराव आधीच लिहून तयार आणि शेवटी नेहमीचे दोन शब्द, 'सर्वानुमते मंजूर'. शिपाई म्हणाला, "सर, सही करा की ओ, अजून लायब्ररीत जायचं हाय." मी केली. बावीस वर्षं करतोय. त्यामुळे ही पोस्ट आधी माझ्याच विरुद्ध आहे असं समजा.

कॉलेजचं नाव विचारू नका. बेळगाव आणि आसपासच्या तीन कॉलेजांत शिकवलंय, तिन्हीकडचं बुक असंच फिरतं.

ठराव काय होता? ज्या ऐच्छिक विषयाला दहापेक्षा कमी मुलं, तो पुढच्या वर्षापासून बंद. माझ्या मराठीला आठ मुलं आहेत. दोघं खानापूरकडून पहाटेची बस पकडून येतात.

आमच्यातल्या बहुतेकांना संघटना म्हटलं की पगार, डीए आणि पेन्शन एवढंच आठवतं. ते हवंच. पण कारभारात वाटा ही वेगळी गोष्ट आहे. कुठला विषय राहणार, अभ्यासक्रम कोण ठरवणार, नवा माणूस नेमताना मुलाखतीला कोण बसणार, या ठिकाणी शिकवणाऱ्याला खुर्ची आहे का? सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जा. महाराष्ट्राच्या 2016 च्या कायद्यानं तिथल्या सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी निवडणुकीच्या दहा जागा ठेवल्यात. तिथंही गटबाजी आहे, पॅनल आहेत, जेवणावळी आहेत, मला ठाऊक आहे. पण मत मागायला कुणीतरी दारात येतो. आमच्याकडे कर्नाटकात 2000 च्या विद्यापीठ कायद्यानं सिनेटच मोडीत काढली. कारभार बघणाऱ्या सिंडिकेटवर सरकारनं नेमलेली माणसं. आमचं मत मागायला कोण कशाला येईल?

आणि कायदा तरी काय गंमतीचा! 1978 मध्ये सुप्रीम कोर्टानं बेंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात कामगार कायद्यातली उद्योगाची व्याख्या इतकी रुंद केली की शिक्षणसंस्थाही 'उद्योग' ठरल्या. मग 1988 मध्ये आपल्या शेजारच्या गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात त्याच कोर्टानं सांगितलं की शिक्षक हा 'कामगार' नव्हे, कारण शिकवणं हे उदात्त कार्य. म्हणजे कारखाना आहे, पण त्यात कामगार नाही! अमेरिकेत 1980 मध्ये येशिवा विद्यापीठाच्या खटल्यात बरोबर उलटं झालं. तिथले प्राध्यापक अभ्यासक्रम, प्रवेश, नेमणुका यांत इतकं ठरवतात की ते व्यवस्थापकच झाले, म्हणून त्यांच्या युनियनला कायद्याचं संरक्षण नाही, असं तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणालं. त्यांना जास्त अधिकार म्हणून युनियन नाही. आम्ही कामगारही नाही आणि व्यवस्थापक तर स्वप्नातही नाही. मग आम्ही कोण? तर 'सर'.

न विचारता काय काय होतं ते मागच्या चार-पाच वर्षांत बघितलंच. नवीन शैक्षणिक धोरण सगळ्यांत आधी आम्ही, म्हणून 2021 मध्ये चार वर्षांची पदवी आणली. 2023 मध्ये सरकार बदललं आणि 2024 मध्ये पुन्हा तीन वर्षांवर. मधल्या मुलांना कुठला पेपर कुठल्या सेमिस्टरला हे आम्ही वर्गात उभं राहून व्हॉट्सॲपवर शोधत होतो. त्यातच पदवीला कन्नड सक्तीचा आदेश आला. तो अडला हायकोर्टात, 2022 च्या अंतरिम आदेशानं. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या कुठल्या अभ्यास मंडळात नाही.

अतिथी व्याख्यात्यांचं मात्र कौतुक करायला हवं. सरकारी कॉलेजांतली ही माणसं अकरा-तेरा हजारांवर राबत होती. डिसेंबर 2021 मध्ये त्यांनी तास बंद केले आणि पुढच्याच महिन्यात मानधन सव्वीस ते बत्तीस हजारांवर गेलं. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये काय चर्चा? "मुलांचं नुकसान होतंय." बोलणारे आम्ही, कायम नोकरीतले. आमच्याकडे निम्मे तास हंगामी लोक घेतात, पण स्टाफ मीटिंगला त्यांना बोलावत नाहीत. यात व्यवस्थापनाला कशाला दोष द्या, आम्हीच कधी बोललो नाही.

खरं तर या भागात शाळा-कॉलेजं उभी केली शिक्षकांनीच. 1916 मध्ये बेळगावात केएलई ही शिक्षणसंस्था काढली ती सात शिक्षकांनी. आमच्या मराठीकडे तर त्याआधीचं उदाहरण आहे, 1884 ची पुण्याची डेक्कन एज्युकेशन सोसायटी. आजीव सदस्य म्हणजे शिकवणारेच संस्था चालवणारे. भांडणं कमी झाली नाहीत, टिळक 1890 मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. पण ते शिक्षकाचं शिक्षकाशी भांडण होतं, वरून आलेल्या कागदाशी नव्हे.

आता आमच्या स्टाफरूममध्ये दोन टेबलं आहेत, एक मराठी, एक कन्नड. कुणी लावली नाहीत, आपोआप लागली. पगार उशिरा झाला तरी दोन टेबलांवर दोन भाषांत चडफडाट होतो आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्या टेबलाचं आत काहीतरी जमलंय. सीमाप्रश्नावर मोर्चाला मी गेलोय, पुढंही जाईन. पण आठ मुलांची मराठी वाचवायला मोर्च्याचा उपयोग नाही. तिथं मला तत्त्वज्ञानाचे आमचे कन्नड सर लागतात. त्यांच्या विषयाला सहाच मुलं आहेत.

तर मीटिंग. मी उठलो आणि म्हणालो, माझी असहमती नोंदवा. प्राचार्य शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही सही केलीय की." हशा झाला, मीही हसलो. काय करणार!

तत्त्वज्ञानाचे सर साडेतीनला वर्गावर होते, त्यांची सही राहिली होती. त्यांनी बुक ओढून घेतलं, 'सर्वानुमते' या शब्दाखाली रेघ मारली आणि खाली कन्नडमध्ये दोन ओळी लिहिल्या. मला कन्नड अडखळत वाचता येतं. सावकाश वाचलं आणि खाली सही केली. आता त्या पानावर माझं नाव दोनदा आहे, एकदा ठरावाच्या बाजूनं आणि एकदा विरुद्ध.