नकाशातला झेंडा

काल बेळगावच्या खडेबाजारातल्या हॉटेलात एका काकांनी मला फितूर ठरवलं, तेही माझ्याच पैशाचा चहा पीत. गुन्हा काय, तर बायकांच्या अंगात रक्त किती कमी आहे याचा नकाशा.

माझी मामेबहीण जांबोटीकडं आशाताई आहे. पावसाळ्यात तिकडं रेंज म्हणजे माहेरवाशीण, आली की जायची घाई. तिच्या फोनवर उघडावं म्हणून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या आकड्यांचं पान मी तीन महिने खपून केलं. नकाशासकट १४० केबी. सकाळी येणारा शुभेच्छांचा गुलाब याहून जड असतो.

आकडे मिळतात पीडीएफमध्ये, ते उपसणं म्हणजे वेगळीच शिक्षा. २५ ते ४९ जणांवरच बेतलेला आकडा तिथं कंसात छापतात, त्याहून कमी असतील तर नुसती चांदणी. एक्सेल कंसातल्या आकड्याला उणे समजतं. त्यामुळं माझ्या तक्त्यात जुलाब झालेल्या उणे टक्के पोरांना ओआरएस मिळालं होतं. पाजलेलं परत काढून घेतलं असणार.

तर काल ते पान फोनवर तपासत होतो. शेजारचे काका माझ्या खांद्यावरून वाकले.

"काय करूलास?"

सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून फोन नाकाजवळ नेला. कोपऱ्यात रंगांची सूची होती. लाल-हिरव्यात फरक न कळणाऱ्यांची अडचण नको म्हणून मी हिरवा टाळून पिवळ्यापासून तांबड्यापर्यंतचा चढ घेतला होता. निम्मं जग असेच नकाशे रंगवतं.

"वर पिवळा, खाली तांबडा! कन्नड झेंडा लावलास की गा!"

"काका, ती सूची आहे."

"मला शिकवू नको. बेळगाव महाराष्ट्रात जावं म्हणून काळ्या दिनाच्या फेरीत चालतोय मी, तू जन्मायच्या आधीपासनं."

मग त्यांचं बोट सरकत कोल्हापूरच्या अंगाला गेलं आणि चेहरा उतरला. "महाराष्ट्र जास्त तांबडा कसा?"

"कारण तिथं पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. कर्नाटकात ४७.८."

"उलटं घातलंयस."

"पाहणीच तशी आहे."

"मग भगवा कर."

"भगवा केला तर कर्नाटक फिकट भगवं होईल. चालेल?"

यावर काकांनी अर्धा कप चहा विचार केला. न्यायालयात २००४ पासून पडलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्याचाही एवढा विचार कुणी केला नसेल.

"नको. दुसरा बघ."

"राखाडी करतो. झेरॉक्सवरसुद्धा कळतो."

"राखाडी? कोण मेलंय काय?"

इथं मला खरंच राग आला. दोन्हीकडं शंभरातल्या पन्नासेक बाया फिकुटल्यात आणि आमचं भांडण पेन्सिलींच्या डबीवरून! काका तरी बिचारे हॉटेलातले. गेल्या महिन्यात शिकलेल्या एका साहेबांनी हेच पान बघून एवढंच विचारलं होतं, "माझा फोटो कुठं बसेल?" १४० केबीत साहेब बसत नाहीत.

काका उठले, धोतर सावरलं, पुन्हा बसले. आवाज एकदम खाली.

"सुनेला दवाखान्यातनं तांबड्या गोळ्या दिल्यात. पोटुशी हाय. मळमळतंय म्हणून चहासंगट घेती. चालतंय न्हवं?"

"चहासोबत नको काका. त्यानं लोह अंगी लागत नाही. तास-दोन तास अंतर ठेवा."

त्यांनी रिकाम्या कपाकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"आता चहा पण बंद करूलास?"